माजघरातला वीरधवल

स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'मधला एक पायाचा लाँग जॉन सिल्व्हर आठवतो ना? त्याच्याकडे एक पोपट असतो. वय म्हणे दोनशे वर्षं. या पोपटाने आयुष्यात काय काय पाहिलं त्याची यादी सिल्व्हर सांगत असतो आणि त्यात मध्येच गोवा येतो. गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयचं जहाज चाच्यांनी लुटलं तेव्हा आमचा पोपट तिथे हजर होता, असं त्याचं म्हणणं.

ही थाप नाही. म्हणजे पोपटाची असेल, पण जहाजाची नाही. १७२१च्या जानेवारीत पोर्तुगिजांचा मावळता व्हाइसरॉय, काउंट ऑफ एरिसेरा, गोव्याहून लिस्बनला निघाला. वाटेत वादळाने जहाजाची दैना झाली. दुरुस्तीसाठी ते आजच्या रियुनियन बेटाशी थांबलेलं असताना एप्रिल महिन्यात टेलर आणि ला ब्यूझ नावाच्या दोन चाच्यांनी ते धरलं. चाच्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या लुटींमध्ये तिची गणना होते. लंडनच्या पोरांसाठी १८८१-८२ मध्ये एका साप्ताहिकात क्रमशः आलेल्या, १८८३ साली पुस्तक झालेल्या गोष्टीत आमच्या शेजारचं गोवं असं एका वाक्यात येऊन जातं.

आणि गोवं आलं म्हणजे मालवण फार लांब नाही. त्या काळच्या इंग्रजांच्या कागदपत्रांत मालवणचे लोक म्हणजे चाचेच. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचं नाव चक्क 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं, आणि पुढे पैसे वसूल करून कोल्हापूरकरांना परत दिला. १८१२च्या तहात मालवण बंदर आणि किल्ला कायमचा त्यांच्याकडे गेला, तोही चाचेगिरी बंद करण्याच्या नावाखाली. ज्या माणसाला आपल्या पुस्तकात आरमाराचा शूर तांडेल म्हणतात, तोच त्यांच्या पुस्तकात डोळ्याला पट्टी बांधलेला दरोडेखोर. लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर इंग्रजी साहसकथा आम्ही जरा वेगळ्या बाजूने वाचल्या असत्या!

असो. सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. 'ट्रेझर आयलंड' मी आधी वाचलं नाही, ऐकलं. फुकट ऐकलं, आणि ज्यांनी वाचून दाखवलं त्यांनाही कुणी छदाम दिला नव्हता.

'लिब्रिवॉक्स' नावाचा हा उद्योग मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅग्वायर या माणसाने ऑगस्ट २००५ मध्ये सुरू केला. कल्पना साधी. ज्या पुस्तकांवरचा हक्क संपलाय त्यातलं एक घ्यायचं, एकेक प्रकरण एकेकाने आपापल्या घरी वाचून ध्वनिमुद्रित करायचं आणि सगळं जोडून लोकांसाठी मोकळं सोडायचं. पहिलं पुस्तक होतं जोसेफ कॉनरॅडचं 'द सीक्रेट एजंट'. आज त्यांची यादी वीस हजार पुस्तकांच्या घरात आहे. आवाज चांगला असलाच पाहिजे अशी अट नाही. कुणी अमेरिकन, कुणी जर्मन, कुणाचा कुत्रा मागे भुंकतोय. पण प्रत्येक प्रकरण दुसरा एक माणूस ऐकतो, वाक्य दोनदा आलं का ते पाहतो आणि मगच ते पुढे जातं. या दुसऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. वाचणाऱ्याचं नाव तरी ऐकू येतं, याचं तेही नाही. आणि जुन्या साहसकथा तिथे ढिगाने आहेत, कारण माणसाला हौसेने मोठ्याने वाचावंसं वाटतं ते लहानपणी आवडलेलंच.

पण फुकट वाचून दाखवण्याच्या या गोष्टीचं मूळ हौशीत नाही, अंधत्वात आहे. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत डोळे गमावलेला इयन फ्रेझर नावाचा इंग्रज अधिकारी. ब्रेल शिकायला बोटं तरणी लागतात, तिशी-चाळिशीत दृष्टी गेलेल्या सैनिकांना ती लिपी जड जाई. म्हणून तबकडीवर पुस्तक बोलवता येईल का, याच्या मागे तो वर्षानुवर्षं लागला. अमेरिकेतही त्याच सुमाराला हेच चाललं होतं. नेहमीची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि चार-पाच मिनिटांत संपायची. त्यावर कादंबरी बसवायची तर ती बैलगाडीतून न्यावी लागली असती. मग २४ फेऱ्यांची, एका बाजूला पंचवीस मिनिटं वाजणारी तबकडी काढली. तेव्हा कुठे एक कादंबरी दहाएक तबकड्यांत मावली. नोव्हेंबर १९३५ मध्ये ब्रिटनमधली पहिली बोलकी पुस्तकं टपालाने रवाना झाली. त्यांत एक अगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा होती आणि दुसरं कॉनरॅडचं 'टायफून'. वादळात सापडलेल्या जहाजाची गोष्ट! पहिल्या पुस्तकांची निवड करायला बसलेल्या माणसांना समुद्र आणि खून हेच सुचावं, यात मला तरी काही नवल वाटत नाही. पुढे काय झालं हे ऐकायची ओढ ज्यात नाही ते पुस्तक तबकडी बदलायला उठवत नाही.

आपल्याकडे मुंबईत वरळीच्या 'नॅब'ने, म्हणजे १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने, हे काम कॅसेटवर चालवलं. पुण्याच्या 'निवांत अंध मुक्त विकासालया'त कितीतरी माणसं विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून देत आली आहेत. पण या वाचनात अभ्यासाच्या पुस्तकांचा भार मोठा. ते स्वाभाविकच आहे, परीक्षा थांबत नाही. अंध मुलाला परीक्षेनंतरच्या मे महिन्यात 'पुढे काय झालं'वालं पुस्तक हवं असतं, त्याची पाळी मात्र उशिरा येते.

गंमत म्हणजे ऐकण्याची सवय आमच्या मुलखाला कुणी शिकवायला नको. श्रावणात घरोघर पोथी लागायची. श्रीधराचा 'पांडवप्रताप' १७१२चा, 'हरिविजय' त्याच्याही आधीचा. एकजण ओवी वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, बाकीचे वाती वळत ऐकणार. लिहिता-वाचता येणारा घरात एखादाच, पण पुस्तक सगळ्या घराचं. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतली चित्रं एकामागून एक उभी करून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा जिल्ह्याबाहेरच्यांना पिंगुळी कळली. आणि दशावतार तर काय, छापील संहिताच नाही, राक्षसाने रात्री दोन वाजता काय बोलायचं ते राक्षसालाच ठाऊक. जत्रेत पेंगणारी पोरं त्या एका आरोळीने ताडकन उठतात. साहसकथा दुसरं काय करते?

छापील साहसकथा मराठीत आली ती याच्यावर कलम होऊन. बेळगावकडच्या रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' मासिकात यायला लागली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव परीक्षेत पाठ करतात, पण किल्ला, तुरुंग आणि सुटका यांची ती गोष्ट आहे हे फारसं कुणी सांगत नाही. मग नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. अंथरुणावर पडून हा माणूस लिहायला लागला, आणि काय लिहिलं तर घोडदौडी, भुयारं, तटावरून उड्या! १९१३ची 'वीरधवल' ही कादंबरी मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती, पण पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीच ती फस्त केली. ज्या माणसाला उठून दारापर्यंत जाता येत नाही त्याने लिहिलेले ते पाठलाग मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा वेग थोडा वाढतोच.

आणि भा. रा. भागवत. जन्म १९१० इंदूरचा. रेडिओत नोकरी, ती सोडून बेचाळीसच्या चळवळीत उडी, तुरुंग, मग १९५१ पासून 'बालमित्र' मासिक. ज्यूल व्हर्नला त्यांनी मराठी कपडे इतके बेमालूम चढवले की 'चंद्रावर स्वारी' किंवा 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे मूळ फ्रेंच आहे हे आम्हाला खरंच वाटायचं नाही. आणि त्यांचा स्वतःचा फुरसुंगीचा बनेश, अर्थात फास्टर फेणे. सायकल, चौकड्यांचा शर्ट आणि तोंडातून निघणारा तो 'ट्टॉक!'

आता इथे कायदा येतो. कंटाळू नका, थोडक्यात सांगतो, कारण सगळी गोम यातच आहे.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या पुस्तकावर वारसांचा हक्क असतो. पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथांचा हक्क संपायला आला तेव्हा, १९९२ मध्ये, दहा वाढवली. गुंजीकर १९०१ साली गेले, हरिभाऊ आपटे १९१९, नाथमाधव १९२८. हे सगळे कधीच मोकळे झाले. सानेगुरुजी २०११च्या पहिल्या तारखेला, 'गोट्या'वाले ताम्हनकर २०२२च्या. भागवत गेले २००१ मध्ये, म्हणजे त्यांची पुस्तकं मोकळी होणार १ जानेवारी २०६२ला. व्हर्न १९०५ सालीच गेला असला तरी त्याचा उपयोग नाही, कारण अनुवाद ही अनुवादकाची स्वतंत्र निर्मिती. फ्रेंच व्हर्न कुणीही वाचावा, भागवतांचा व्हर्न वाचायचा तर परवानगी हवी.

म्हणजे हौशी माणसाने मराठीत साहसकथा वाचून मोकळी सोडायची म्हटली, तर ज्या तो खुशाल वाचू शकतो त्या आजच्या मुलांना कुणी मागायला शिकवलेल्या नाहीत, आणि ज्या मुलं मागतात त्यांना हात लावायचा नाही. इंग्रजीत असं झालं नाही. स्टीव्हन्सन, व्हर्न, किपलिंग हे हक्कातून सुटले तेव्हाही त्यांचं लेखन घराघरात वाचलं जात होतं. आपल्याकडे नाथमाधव सुटले तोवर त्यांचा वाचक आजोबा झाला होता.

वारसांचा हक्क चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. मराठी बालसाहित्यावर कुणी बंगले बांधलेले नाहीत, चार पैसे मिळत असतील तर ते त्यांचेच. पण साठ वर्षांचा हिशोब करणाऱ्यांनी कोकणातला पाऊस पाहिलेला नसावा. आमच्याकडे पुस्तकाचं आयुष्य वाळवी ठरवते. तिच्यातून उरलं तर कसर, तिच्यातून उरलं तर बुरशी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून आहे, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण इथली ग्रंथालयंही जुनी आणि नेटाने चाललेली. पण मुलांचं पुस्तक मुळात जपून ठेवायला छापलेलंच नसतं. स्वस्त कागद, पातळ पुठ्ठा, आणि वाचणारे हात आंब्याने बरबटलेले. साठ वर्षांनी ते मोकळं होईल तेव्हा मोकळं व्हायला प्रत उरलेली असली पाहिजे.

माझ्या आतेची गोष्ट आता सांगतो. घरातल्यांना माहीत आहेच. शाळेत मास्तरीण होती, काचबिंदूने नजर गेली. टीव्ही ऐकते, पण तिला पुस्तक हवं असतं. मोबाइलमधल्या यंत्राचा आवाज लावून दिला तर दोन दिवसांत बंद करायला लावला. कारणही मास्तरणीचं. मराठीत 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, लिहायला सारखं, उच्चाराला वेगळं. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आपण अक्षरात दाखवतच नाही. यंत्र ठोकून एकच करतं. "ह्या मेल्याक शाळेत कोणी घातल्यान नाय," असा निकाल लागला.

म्हणून मी वाचायला बसलो. 'वीरधवल'पासून, कारण तो मोकळा आणि तिच्या वडलांच्या आवडीचा. पहिलं प्रकरण ऐकून म्हणाली, "अरे झिला, वाचतंस काय बातम्यो देतंस?" दुसऱ्यांदा वाचलं. मग तिने मला जी गोष्ट दाखवली ती कुठल्या पुस्तकात मला सापडली नव्हती. जुन्या छपाईत अनुस्वारांचा पाऊस असतो. हें, तें, त्यानें, घरांत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि लिहिणाऱ्यांची सुटका झाली. पण न उच्चारले जाणारे कुठे? पुण्यात. आमच्या मालवणीत 'खंय', 'थंय', 'ह्यां', 'त्यां' ही सगळी नाकातूनच येतात. आते म्हणाली, नाथमाधवांचं 'हें' म्हणजे आपलं 'ह्यां', नाकात थोडं ठेव. ठेवलं. वाक्य एकदम जागेवर बसलं. ज्या बोलण्याला शाळेत 'गावंढळ' म्हणून हसत, त्यात जुन्या मराठीचा एक स्वर जिवंत राहिलाय आणि तो छापील पानावर दिसत नाही, ऐकावाच लागतो.

ध्वनिमुद्रण म्हणाल तर मालवणात त्याच्याइतकं अवघड काम नाही. समोर समुद्राची गाज, वर कौलं, मागे माड, त्यात कावळे, आणि भर दुपारी मासेवालीची हाक. घरात सगळ्यात शांत जागा माजघर. चिऱ्याच्या जाड भिंती, खिडकी नाही, चारी बाजूंना टांगलेल्या गोधड्या. आणि सगळ्यात चांगली वेळ म्हणजे लाईट गेल्यावर! पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारचा टीव्ही बंद. लॅपटॉप बॅटरीवर. वीजमंडळाने एवढी सेवा कुणाची केली नसेल. एक पान वाचायला तीन मिनिटं आणि ते साफ करायला दहा. तपासणारा दुसरा माणूस म्हणून आते. पुस्तक न बघता चुका काढते.

मग तिने फास्टर फेणे मागितला, आणि मला कायदा पुन्हा उघडावा लागला. तिथे एक दार सापडलं. २०१२च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशी तरतूद झाली की ज्यांना अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठी कुणीही, नफा न घेता, पुस्तक त्यांना वापरता येईल अशा रूपात करून देऊ शकतो. परवानगी लागत नाही. पुढच्याच वर्षी जगभरासाठी माराकेशचा करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. असल्या गोष्टीत आपण पहिले आलो हे आपल्या वर्तमानपत्रांनी जरा ठळक छापायला हवं होतं. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' नावाने अशा पुस्तकांचं एकत्र ऑनलाइन ग्रंथालयही आहे.

म्हणजे आतेसाठी मी फास्टर फेणे आज वाचू शकतो, तुमच्यासाठी २०६२ पर्यंत नाही. मुंबईच्या चुलतबहिणीने मुलांसाठी मागितला तेव्हा मी नाही म्हटलं. ती रुसली. तिला आणि सगळ्यांनाच इथे सांगून टाकतो: 'वीरधवल'ची प्रकरणं हवी तितकी मागा, वाटा, गावजेवणात लावा. फेणे फक्त आतेच्या मोबाइलमध्ये राहील. त्याची पुस्तकं दुकानात मिळतात, विकत घ्या आणि पोरांना स्वतः वाचून दाखवा. तुम्हालाही घसा आहे.

राहता राहिला 'ट्टॉक'. भागवतांनी तो आवाज कागदावर लिहिला आणि आम्ही प्रत्येकाने मनात आपापला ऐकला. माझा जीभ टाळूला लावून सोडल्यावर येतो तसा. मायक्रोफोनसमोर तो टाळीसारखा फुटला. आतेने ऐकलं आणि मान हलवली. तिचा ट्टॉक जास्त खोल, घशाजवळचा, बाटलीचं बूच निघाल्यासारखा. वर्गात वाचून दाखवायची तेव्हा हाच करायची म्हणे. शेवटी आमच्या मुद्रणात वाचन माझं आणि ट्टॉक सगळे तिचे, वेगळे मुद्रित करून जागोजागी चिकटवलेत.

'वीरधवल' अजून निम्म्यावर आहे आणि त्यानंतर 'मोचनगड' ठरलाय. मृग लागला की कौलांवर इतका पाऊस वाजतो की माजघरातही काम होत नाही, म्हणून दसऱ्यापर्यंत थांबू या असं मी म्हटलं. तिला ते पसंत नाही.

"पाऊस येंदे आवाजात," म्हणाली. "गडार पाऊस पडताच मरे."